ओल्या कचऱ्यातून झाडांना अन्न : कुजण्याची क्रिया पूर्ण होणे आवश्यक

स्वयंपाकघरात दररोज निघणारी भाज्यांची देठे आणि फळांच्या साली यांत नत्र, स्फुरद आणि पालाश ही झाडांच्या वाढीस आवश्यक असलेली अन्नद्रव्ये असतात. मात्र त्यांतील बहुतांश नत्र व स्फुरद सूक्ष्मजीवांनी विघटन केल्यानंतरच मुळांना शोषून घेता येतात. कच्च्या साली कुंडीत पुरल्यास त्या कुजताना मुळांभोवतीचा प्राणवायू खर्च होतो आणि चिलटे व दुर्गंधी यांचा उपद्रव सुरू होतो. त्यामुळे ही क्रिया वेगळ्या पात्रात पूर्ण होऊ देणे हितावह ठरते.

सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कर्ब आणि वाढीसाठी नत्र लागतो. सुमारे ३० भाग कर्बास १ भाग नत्र हे प्रमाण त्यांना विशेष मानवते. भाज्यांच्या अवशेषांत नत्र व पाणी अधिक असते, तर वाळलेल्या पाचोळ्यात कर्ब अधिक असतो. केवळ ओला कचरा साठविल्यास तो घट्ट बसतो, त्यात हवा खेळत नाही आणि तो कुजण्याऐवजी सडू लागतो.

घरगुती खतासाठी छिद्रे पाडलेली बादली पुरेशी असते. तळाशी पाचोळा पसरून त्यावर बारीक चिरलेला कचरा टाकावा आणि तो तेवढ्याच किंवा दुप्पट पाचोळ्याने झाकावा. मूठभर जुने खत विरजणाचे काम करते. मिश्रण आठवड्यातून एक-दोनदा खालीवर करावे. ते मुठीत दाबल्यास ओलसर लागावे, परंतु त्यातून पाणी गळू नये. शिजवलेले अन्न, तेल आणि मांस त्यात टाकू नये. साधारणतः दोन ते तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत आणि मातीसारखा वास असलेले खत तयार होते. ते चाळून कुंडीतील मातीत सुमारे एक चतुर्थांश प्रमाणात मिसळता येते.

या प्रक्रियेच्या शास्त्रशुद्ध मांडणीशी भारताचा निकटचा संबंध आहे. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा आणि शेण यांपासून खत तयार करण्याची पद्धत विकसित केली. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. पुढे ती 'इंदूर पद्धत' या नावाने जगभर ओळखली गेली.

या विषयाचे महत्त्व केवळ बागेपुरते मर्यादित नाही. कचराभूमीवर हवेविना सडणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन हा ज्वलनशील आणि तापमानवाढीस कारणीभूत ठरणारा वायू निर्माण होतो. दिल्लीतील गाझीपूर येथे सप्टेंबर २०१७ मध्ये कचऱ्याच्या डोंगराचा भाग कोसळून दोघांचा मृत्यू झाला होता. त्याआधी, २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी नागरिकांवर कचऱ्याचे घरातच वर्गीकरण करण्याची जबाबदारी टाकली होती. वेगळा केलेला ओला कचरा घरच्या घरी मुरला, तर अशा डोंगरांवरील भार तेवढा हलका होतो आणि कुंडीतील मातीस तिचे अन्न परत मिळते.