दाखला कशासाठी हवा?

वृद्धाश्रमांच्या प्रवेशअर्जात काही अटी हमखास भेटतात: स्वतःची कामे स्वतः करता यावीत, संसर्गजन्य आजार नसावा, मानसिक आजार नसावा. सोबत डॉक्टरांचा दाखला. म्हणजे प्रवेशापूर्वी तपासणी आपल्याकडे आहेच, पण ती माणूस गाळण्यासाठी. मग घरचे लोक आईचे विसरणे लपवतात, दाखला ओळखीच्या दवाखान्यातून येतो, आणि रात्री उठून फाटकाशी जाणाऱ्या बाईंना काय झाले आहे हे तिथल्या मावशींना कोणी सांगितलेलेच नसते. देशात साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. मानसिक आजार नसण्याची अट काटेकोर पाळायची म्हटली तर ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज तेच बाहेर राहतील.

अमेरिकेने 1987 मध्ये कायदा करून मेडिकेड या सरकारी योजनेची मान्यता असलेल्या शुश्रूषागृहात जाणाऱ्या प्रत्येकाची मानसिक आजार आणि बौद्धिक अपंगत्वासाठी पूर्वतपासणी सक्तीची केली. प्रश्न दोनच: या माणसाची जागा खरोखर इथे आहे का, आणि असेल तर त्याला कोणत्या जादा सेवा लागतील? आपल्याला उचलायचा तो हा दुसरा प्रश्न. छत्रपती संभाजीनगरात त्यासाठी नवी इमारत नको; घाटी या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. मात्र तपासणी माणूस पाहून हवी. कधी पाटी-पेन्सिल न धरलेल्या आजीला घड्याळाचे चित्र काढायला लावले तर निकालात शाळा न मिळाल्याचेच दिसेल. म्हणून तर निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बेतली गेली. शिवाय ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिलेल्या गोंधळामागे कधी थायरॉईड, कधी बी-12 ची कमतरता, कधी लघवीतला जंतुसंसर्ग, तर कधी नैराश्य असते. यांवर उपचार आहेत. नुसते ऐकू येत नसले तरी माणूस भ्रमिष्ट ठरतो.

अशा तपासणीवर मोठा आक्षेप सातबाऱ्याचा आहे: ‘वेडे’ ठरवून जमीन नावावर करून घेतील. भीती खोटी नाही. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 स्पष्ट सांगतो की सक्षम न्यायालयाने ठरवल्याखेरीज, केवळ मानसिक आजार आहे म्हणून कोणी विकल मनाचा ठरत नाही. तपासणीचा कागद आश्रमाच्या काळजीच्या नोंदवहीत राहावा, नातेवाइकांच्या फायलीत नव्हे. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो अधिक खरा. दोन मावशींवर चालणाऱ्या आश्रमाने सगळ्यांना घ्यावे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण आज नकार मिळाला की पुढचा पत्ता मिळत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या राज्याच्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही, आणि स्मृतिभ्रंशाच्या माणसाची जागा बहुधा तिथे नसतेही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद आहे. त्यांतल्या काही खाटा अशा रुग्णांसाठी, रात्रपाळीच्या प्रशिक्षित माणसांसह राखून ठेवाव्यात. आश्रमाने नाकारलेल्याला मग दाखल्यासोबत तिथली चिठ्ठी देता येईल.