परगावची नोकरी

नेमणुकीचा हुकूम हाती पडला म्हणजे घरात आनंदीआनंद होतो. पेढे वाटले जातात, सामान बांधले जाते. परंतु परक्या स्टेशनावर उतरल्यानंतर माणसापुढे पहिला प्रश्न कचेरीचा नसतो. आज रात्री राहावयाचे कोठे, जेवावयाचे कोठे आणि बोलावयाचे कोणत्या भाषेत, हे प्रश्न आधी उभे राहतात. नव्या जागी रुळणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यास आपल्या बडोद्याबाहेर जावयास नको. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८७५–१९३९) दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येथे नोकरीस आली. त्यांपैकी तिघांची हकीकत पाहू.

गोविंद सखाराम सरदेसाई हे रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल गावचे. १८८९ साली ते महाराजांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावयाचे आणि राजपुत्रांना शिकवावयाचे, हे त्यांचे काम. तेवढे उरकून ते स्वस्थ बसते, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. परंतु अध्यापनासाठी काढलेली इतिहासाची टिपणे ते वाढवीत गेले आणि त्यांतूनच पुढे ‘रियासती’ उभ्या राहिल्या. १९२५ साली निवृत्त होईपर्यंत परक्या गावची ही नोकरी त्यांच्या जीवितकार्याचा पायाच होऊन बसली होती.

दुसरे अरविंद घोष. वयाच्या सातव्या वर्षी ते इंग्लंडला गेले व चौदा वर्षांनी, १८९३ साली, थेट बडोद्याच्या नोकरीत आले. ग्रीक व लॅटिन भाषांत पारंगत असलेल्या या तरुणास स्वतःची मातृभाषा बंगालीही नीट येत नव्हती. मग मराठी-गुजराती कोठून येणार? आरंभी त्यांना जमीन-महसुलासंबंधीच्या खात्यांत काम मिळाले. पुढे ते कॉलेजात अध्यापक झाले. या तेरा वर्षांत त्यांनी संस्कृत, बंगाली, मराठी व गुजराती यांचा अभ्यास केला. ज्या लोकांत राहावयाचे, त्यांची भाषा शिकण्यात त्यांच्या विद्वत्तेस कमीपणा वाटला नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की उद्योग व जिज्ञासा असली म्हणजे माणूस कोठेही रुळतो. आता तिसरी हकीकत ऐका.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यास आले. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात त्यांनी उच्च शिक्षण घेतले होते, आणि करारानुसार ते येथे सेवेस आले होते. परंतु अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेल्या या विद्वानास गावात राहावयास जागा मिळेना. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. वरच्या मजल्यावर दुसरे कोणी बिऱ्हाड नव्हते. रात्री सोबतीला एक लहानसा कंदील. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा माणसे काठ्या घेऊन आली व संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी बजावले. दोघा स्नेह्यांकडे आसरा मागितला. दोघांनीही कारणे सांगून टाळले. तेव्हा कमाटीबागेत काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

बाबासाहेबांच्या ठायी उद्योग कमी होता, की बुद्धी? पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, त्यांच्याविषयी असे कोण म्हणेल? उणीव येणाऱ्यात नव्हती, गावात होती. दरबारने शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली. परंतु गावाने एक खोली दिली नाही आणि त्या नोकरीस अर्थ उरला नाही.

यावरून ध्यानात येईल, की रुळणे हे एकट्याचे काम नव्हे. भाषा शिकणे, नेमल्यापेक्षा अधिक काम करणे, तेथील रीतभात समजून घेणे हे येणाऱ्याचे कर्तव्य. दार उघडणे हे गावाचे. आजही परगावी भाड्याची खोली शोधणाऱ्यास पुष्कळदा पगाराआधी आडनाव विचारले जाते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना उद्या नोकरीनिमित्त दूर जावे लागेल. तोवर दुसऱ्या बाजूचे काम तुमच्या हाती आहे. वडिलांची बदली झाल्यामुळे वर्षाच्या मध्येच आलेला एखादा मुलगा तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एकटा बसला असेल. त्याचे मराठी अडखळत असेल. मधल्या सुट्टीत त्याला आपल्या डब्याशी बोलवा. तो कोणत्या जातीचा, हे विचारण्याचे काहीच कारण नाही.