वेळापत्रक नकाशावर चालू लागते तेव्हा

शहराचा बसनकाशा भिंतीवर पाहिला की सगळे शहर बसने विणलेले वाटते. दर दहा मिनिटांनी धावणाऱ्या बसची रेघ आणि दिवसातून चारच फेऱ्या करणाऱ्या बसची रेघ त्यावर सारख्याच जाडीने काढलेली असते. बस कुठून कुठे जाते एवढे तो सांगतो, पण थांब्यावर उभ्या माणसाला आधी हवे असते ते ‘कधी’. ते वेळापत्रकात असते. तिथे मात्र नुसत्या आकड्यांच्या रांगा असतात, त्यात वस्ती, शाळा, दवाखाना दिसत नाही. बसगाड्यांबद्दल निर्णय होतो त्या बैठकीत हे दोन्ही कागद एकत्र वाचता येणारी माणसे मोजकी असतात. बाकीचे ‘आमच्याकडे बसच येत नाही’ एवढे सांगतात, साहेब मान डोलावतात आणि पुढचा विषय निघतो. हलत्या नकाशाने ही स्थिती बदलू शकते, असे मला ठामपणे वाटते.

वेळ आणि जागा एकाच कागदावर आणण्याची गरज रेल्वेला फार पूर्वी भासली. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांच्या पुस्तकातला पॅरिस ते ल्यों गाड्यांचा आलेख एकोणिसाव्या शतकातला आहे. आपल्या रेल्वेच्या नियंत्रण कक्षांतही असाच आलेख पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. एका बाजूला स्थानके, दुसऱ्या बाजूला तास, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगवान. दोन रेघा छेदतात तिथे क्रॉसिंग किंवा ओव्हरटेक. कंट्रोलरला त्यात अख्खा सेक्शन दिसतो. पण हा आलेख एका मार्गापुरता चालतो. शहरात शेकडो बसमार्ग एकमेकांना छेदत असतात, तिथे रेघांचा गुंता होतो. मग उरतो तो एकच उपाय: गाडी ठिपक्याच्या रूपात नकाशावर सोडायची आणि घड्याळ फिरवायचे.

हे सोपे झाले २००५ नंतर. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी मिळून वेळापत्रक लिहिण्याचा एक साचा तयार केला. जीटीएफएस या नावाने तो आज जगभर वापरला जातो. साधे मजकुराचे तक्ते असतात: थांबे आणि त्यांचे अक्षांश-रेखांश, मार्ग, फेऱ्या, आणि कोणती फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता. यातून ठिपका चालवणे हे शाळेतले गणित आहे. समजा, स्वारगेटहून ८.१० ला सुटलेली बस ८.२२ ला डेक्कनला पोहोचायची आहे, तर ८.१६ ला ठिपका निम्म्या वाटेवर ठेवायचा. दिवसभराच्या सगळ्या फेऱ्यांना हेच लावले की चोवीस तास दोन-तीन मिनिटांत डोळ्यांसमोरून जातात.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. ख्रिस मॅकडॉवल या नकाशाकाराने २०१०च्या सुमारास तिथल्या बस, रेल्वे आणि फेरीबोटींच्या वेळापत्रकातून एका दिवसाचा हलता नकाशा केला. वेळही महत्त्वाची होती. १ नोव्हेंबर २०१० रोजी तिथल्या आठ स्थानिक संस्था विलीन होऊन एकच ऑकलंड कौन्सिल अस्तित्वात आले, खाली २१ स्थानिक मंडळे आली आणि वाहतूक ऑकलंड ट्रान्सपोर्टकडे गेली. सगळ्या शहराच्या बसचा विचार आता एका टेबलावर होणार होता. जुन्या जाळ्याचा दोष असा की मार्ग भरपूर, बहुतेकांचा ओढा मध्यवर्ती शहराकडे, आणि त्यांतल्या पुष्कळ मार्गांवर फेऱ्या विरळ. अशा जाळ्याचा स्थिर नकाशा भरगच्च दिसतो. ठिपके चालू लागले की मात्र सकाळी केंद्राकडे धावणारी आणि संध्याकाळी उलट फिरणारी गर्दी दिसते, आणि एरवी उपनगरांत एखादाच ठिपका फिरताना दिसतो.

त्या एका नकाशाने ऑकलंडची बससेवा बदलली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पुढची काही वर्षे त्या शहराने ज्या प्रश्नावर विचार केला, तो याच चित्रातला होता: थोड्या फेऱ्यांचे पुष्कळ मार्ग ठेवायचे, की मार्ग कमी करून फेऱ्या वाढवायच्या आणि प्रवाशाला मध्ये एकदा गाडी बदलायला लावायची? ऑकलंडने दुसरी वाट धरली. भागाभागांत आराखडे लोकांपुढे ठेवले, हरकती घेतल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये आधी भाडे एकत्र केले, म्हणजे गाडी बदलली तरी नव्याने तिकीट पडू नये. मग त्याच ऑक्टोबरात दक्षिण, २०१७ मध्ये पश्चिम आणि पूर्व, २०१८ मध्ये मध्य आणि उत्तर भाग नव्या जाळ्यावर आणले. २०१९ मध्ये तिथल्या सार्वजनिक वाहतुकीने वर्षाला दहा कोटी प्रवासांचा टप्पा १९५१ नंतर प्रथमच ओलांडला. रेल्वेचे विद्युतीकरण आणि वाढती लोकसंख्या यांचाही त्यात वाटा होता. भाडे आधी आणि मार्ग नंतर, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

गाडी बदलण्याची गोष्ट निघाली की आपल्याकडेही लोक बिथरतात, आणि ते योग्यच आहे. रिक्षाने स्टेशनवर यावे आणि लोकल नुकतीच सुटलेली असावी, हा अनुभव कोणाला नाही? जोडगाडी खरोखर मिळते का, हे स्थिर नकाशा कधीच सांगत नाही. हलत्या नकाशात बसचा ठिपका स्थानकात शिरण्याआधी रेल्वेचा ठिपका निघून गेला, तर ते कोणालाही दिसते.

दुसरी गोष्ट फेऱ्यांच्या अंतराची. तासाला चार बस पंधरा-पंधरा मिनिटांनी आल्या, तर प्रवाशाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते. त्याच चार बस दोन-दोनच्या जोडीने अर्ध्या-अर्ध्या तासाने आल्या, तर सरासरी पंधरा मिनिटे. फेऱ्या तेवढ्याच, डिझेल तेवढेच, थांबणे दुप्पट. बस अशा जोडीने का येतात, हे न्यूवेल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्येच गणिताने मांडले आहे: उशीर झालेल्या बसला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसे भेटतात, तिला आणखी उशीर होतो, मागच्या बसला माणसे कमी भेटतात, ती पुढचीला गाठते. आगाराच्या अहवालात ‘इतक्या फेऱ्या पूर्ण’ एवढेच येते. जीपीएसच्या खऱ्या नोंदींवरून केलेल्या हलत्या नकाशात जोडीने धावणारे ठिपके आणि त्यांच्या मागची रिकामी वाट स्पष्ट दिसते. वेळापत्रकावरून केलेला नकाशा आश्वासन दाखवतो आणि जीपीएसवरून केलेला वस्तुस्थिती. बैठकीत दोन्ही शेजारी-शेजारी चालले पाहिजेत.

या साधनाला मर्यादा आहेत. हलणारी वस्तू डोळा ओढून घेते, त्यामुळे नजर जिथे बस आहेत तिथे खिळते आणि जिथे नाहीत ती वस्ती सुटते. हलत्या नकाशांत मोठे बदलही लोकांच्या नजरेतून निसटतात आणि तरी ‘आम्ही सगळे पाहिले’ अशी त्यांची खात्री असते, असे २०११च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. म्हणून नकाशा मध्येच थांबवता आला पाहिजे, मागे नेता आला पाहिजे. त्याहून उपयोगी म्हणजे प्रश्न उलटा करणे: माझ्या थांब्यावरून पाऊण तासात कुठवर पोहोचता येते? फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८१ मध्ये लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोहोचता येते याचा रंगीत नकाशा काढला होता, त्याचाच हा वारसा. घड्याळाबरोबर हा पोहोचण्याजोगा पट्टा पसरतो आणि आकसतो. रात्री नऊनंतर तो किती आकसतो, हे दुसऱ्या पाळीतल्या नर्सताईंना सांगावे लागत नाही. पण अधिकाऱ्यांना ते पडद्यावर दिसले पाहिजे.

वेळापत्रकच नसेल तर? नैरोबीत माटाटू नावाच्या खासगी मिनीबस शहर वाहतात. २०१२ पासून तिथल्या विद्यापीठाचे विद्यार्थी मोबाइल घेऊन माटाटूंमध्ये बसले आणि मार्ग, थांबे नोंदवत गेले. एमआयटी आणि कोलंबिया विद्यापीठाचे संशोधक सोबत होते. २०१४ मध्ये नकाशा प्रसिद्ध झाला आणि शहराच्या प्रशासनाने तो स्वीकारला. हे वाचताना मला सातारा-सांगली-कोल्हापूरकडचे वडाप, म्हणजे खासगी गाड्यांची वाहतूक, आठवते. हजारो माणसे रोज त्याने जातात-येतात, आणि कुठल्याही सरकारी नकाशात ते नाही. फक्त एसटीचे ठिपके हलवून तालुक्याचे चित्र काढले, तर ते अर्धेच राहील.

तालुक्याचे चित्र मुद्दाम म्हणतो. हलते नकाशे ही मोठ्या शहरांची चैन आहे असे मी मानत नाही. ग्रामीण भागात त्यांचा उपयोग कदाचित अधिक आहे. तिथे गाड्या मोजक्या असतात, त्यामुळे एका फेरीची वेळ वीस मिनिटे पुढे-मागे झाली तरी शाळा चुकते. मुक्कामी गाडी पहाटे कोणत्या गावातून निघते, कॉलेज सुटल्यावर पहिली गाडी किती वाजता, मानव विकास योजनेतली मुलींची बस कोणत्या फाट्यापर्यंतच येते, हे सगळे एका पडद्यावर मावते. ग्रामसभेने ‘गाडी वाढवा’ असा ठराव पाठवला की आगार व्यवस्थापक गाड्या आणि चालक नाहीत असे उत्तर देतात, आणि बहुधा ते खरे असते. पण हीच गाडी अर्धा तास उशिरा सोडली तर कोणत्या तीन गावांची मुले बसतील आणि कोणत्या गावाचा बाजार चुकेल, हे दिसत असेल, तर ती गावे आपसात बोलून तोडगा काढू शकतात. निर्णय स्थानिक होतो तो असा.

शहरांत अडचण वेगळी आहे. पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेते. पण बस कुठे आणि किती वेळाने धावणार हे ठरते पीएमपीएमएलमध्ये, आणि ती दोन महापालिकांची कंपनी आहे. मुंबईत बेस्टची बस कुठवर आली हे आज चलो ॲपवर कळते. म्हणजे नोंद होते आहे. पण प्रवाशाला आपली एक बस दिसणे वेगळे आणि नागरिकाला महिनाभराच्या सगळ्या बसची नोंद मिळणे वेगळे. कोची मेट्रोने २०१८ मध्ये आपले वेळापत्रक जीटीएफएस साच्यात खुले केले. त्याच वर्षी दिल्ली सरकारने आयआयआयटी-दिल्लीच्या मदतीने बसची माहिती, धावत्या ठिकाणासह, कोणालाही वापरता येईल अशी उपलब्ध केली. आपल्या राज्यातही हे करता येईल.

वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी तुमच्या प्रभागाची किंवा गावाची बससंबंधी बैठक असेल, तेव्हा नवा थांबा किंवा नवी फेरी मागण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: वेळापत्रकाची फाइल आणि मागच्या महिन्याच्या जीपीएस नोंदी. संगणकशास्त्र शिकणारी मुले तुमच्या जवळच्या कॉलेजात आहेतच. ठिपके चालवण्याचे काम ती एका सत्रात करू शकतील.