चाकांवरचे घर : मुलांसह पहिला मुक्काम

ग्वाल्हेरमधील लष्कर भागात नया बाजार ही गजबजलेली पेठ आहे. ज्या लष्करात ही पेठ वसली, त्या शहराचा जन्मच एका मुक्कामातून झाला. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी ठोकली. ती पुढे उठली नाही. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले आणि छावणीचे शहर झाले. टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली या छावणीच्या सहवासात राहून तिचे वर्णन पत्रांतून केले. ती पत्रे १८१३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सैनिकांबरोबर बाजार आणि बायकामुलेही त्या छावणीत असत.

आज याच पेठेतील एखाद्या मराठी कुटुंबाला घर बरोबर घेऊन मुलांसह फिरावयाचे असेल, तर त्यासाठी कॅराव्हॅन, म्हणजे मोटारीवर उभारलेले घर, हे साधन उपलब्ध आहे. झोपण्याची जागा, लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि बहुधा शौचालय एवढी सोय त्यात असते. हौसेच्या प्रवासासाठी असे घर बांधण्याची प्रथा जुनी आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरांनी १८८५ साली घोड्यांनी ओढावयाचे असे एक वाहन इंग्लंडमध्ये बांधवून घेतले होते. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. केरळनेही त्याच वर्षी असे धोरण आखले.

या घराविषयी एक गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. ते चालत असते तेव्हा केवळ वाहन असते, आणि थांबते तेव्हाच घर होते. या दोन अवस्थांची गल्लत झाली की धोका उद्भवतो आणि त्याची झळ सर्वांत आधी मुलांना पोहोचते.

मुलांची जागा आसनावरच

आत बिछाना दिसला की मुलांना प्रवासातच त्यावर लोळावेसे वाटते. मूल पेंगले असेल तर त्याला तेथे निजविण्याचा मोह मोठ्यांनाही होतो. तो कटाक्षाने टाळावा. शाळेत शिकविला जाणारा जडत्वाचा नियम येथे लागू पडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एकाएकी थांबले, तरी आतील न बांधलेली व्यक्ती वा वस्तू त्याच वेगाने पुढे जाते. त्या वेगाने आदळणे हे सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ चौथ्या मजल्यावरून, पडण्यासारखे आहे. म्हणून प्रत्येक मुलाला पट्टा असलेले, पुढे तोंड केलेले आसन हवे. तान्ह्या मुलासाठी मागे तोंड करून बसविलेले बालआसन घ्यावे. १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना वा बालआसनाविना नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार १,००० रुपये दंड आहे. वाहन भाड्याने घेताना पट्टा असलेली आसने मोजावीत. खाटा चार असल्या तरी सुरक्षित आसने चार असतीलच असे नाही.

हाच नियम कुकर, पाण्याचे पिंप आणि डब्यांनाही लागू होतो. निघण्यापूर्वी सर्व सामान कपाटात बंद करावे व जड वस्तू तळाशी ठेवाव्यात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. १०० लिटरची टाकी भरली की वाहनावर १०० किलोंचा भार वाढतो आणि ते थांबावयास अधिक अंतर लागते, हे चालकाने लक्षात ठेवावे. वाहनाची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी. रेल्वेपुलाखालून किंवा लोंबत्या तारांखालून जाताना तिचा उपयोग होतो.

गॅस आणि सिगडी

वाहन चालू असताना गॅसच्या सिलिंडरची कळ बंद असलीच पाहिजे. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो. यासाठी वाहनाच्या तळाशी वायुवीजनाची भोके ठेवलेली असतात. थंडी लागते म्हणून ती बुजवू नयेत.

ग्वाल्हेरकडील थंडी कडक असते. तथापि बंद वाहनात कोळशाची सिगडी कधीही पेटवू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो प्राण घेतो. अंथरूण-पांघरूण जास्त घ्यावे, हाच सुरक्षित उपाय होय. उलट उन्हाळ्यात उभे असलेले बंद वाहन काही मिनिटांतच तापते. मुलांना त्यात क्षणभरही एकटे सोडू नये.

पहिला मुक्काम जवळचा असावा

पहिल्या प्रवासास निघण्यापूर्वी आप्तांच्या अंगणात एक रात्र वाहनातच झोपून पाहावे. दिव्याची कळ कोठे आहे, पाणी किती पुरते, रात्री मूल उठले तर कोणी उठावयाचे, हे सर्व तेथेच उमजते. त्यानंतर शिवपुरीसारखे ठिकाण निवडता येईल. आग्रा-मुंबई महामार्गाने ते ग्वाल्हेरहून सुमारे ११५ किलोमीटर आहे. दर दोन तासांनी थांबून मुलांना पाय मोकळे करू द्यावेत आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. रोज जागा बदलण्यापेक्षा एकाच ठिकाणी दोन रात्री राहणे मुलांना मानवते. ऑक्टोबर-नोव्हेंबर व फेब्रुवारी हे महिने योग्य आहेत. डिसेंबर-जानेवारीतील दाट धुक्यात पहाटेचा प्रवास टाळावा.

शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानाला मार्च २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथील सख्य सागर तलावात मगरी आहेत. मुलांना पाण्याच्या काठाशी खेळू देऊ नये. रात्रीचा मुक्काम जंगलात वा रस्त्याच्या कडेला न करता आधी विचारून ठरविलेल्या कुंपणाच्या आवारातच करावा.

गावाशी नाते

एखाद्या गावाजवळ थांबावयाचे असेल तर जमीनमालकाची वा ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. दूध, भाजी व धान्य गावातूनच विकत घेतल्यास गावालाही चार पैसे मिळतात. सांडपाणी व शौचालयाची टाकी तलावात, नाल्यात किंवा शेतात रिकामी करू नये. सख्य सागर २०२२ पासून रामसर पाणथळ स्थळ आहे. गावाचे पाणीही तितक्याच जपणुकीचे मानावे. टाकी रिकामी करण्याची सोय कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

मुलांनाही कामे वाटून द्यावीत. निघताना कपाटे बंद आहेत का, गॅसची कळ बंद आहे का, सर्वांचे पट्टे लागले आहेत का, हे एका मुलाने मोठ्याने विचारावे व मोठ्यांनी खात्री करून उत्तर द्यावे. संकटप्रसंगी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत. एवढी शिस्त अंगवळणी पडली, की पुढच्या मुक्कामाला लांबचा पल्ला ठरविण्यास हरकत नाही.