खरं की कॅमेऱ्यापुरतं?

गुहेत पीटा तापाने फणफणलाय. कॅटनिस वाकून त्याचं चुंबन घेते, आणि थोड्याच वेळात चंदेरी पॅराशूटला बांधलेलं गरम सूपचं भांडं खाली उतरतं. सोळा वर्षांच्या पोरीला इशारा बरोबर कळतो. पडद्यावर प्रेम दिसलं, तर प्रायोजक खिसा सैल करतात.

सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ ही किशोरांसाठीची कादंबरी २००८ साली आली. पॅनेम नावाच्या कल्पित देशात दरवर्षी १२ ते १८ वयोगटातली २४ मुलं एका मैदानात सोडली जातात, एकच जिवंत उरेपर्यंत. कॅटनिस आणि पीटा त्यांतलेच दोघे. आणि साऱ्या देशाला ते टीव्हीवर बघावंच लागतं. रात्री चॅनेल बदलता बदलता एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली, तिथे ही कल्पना सुचली, असं कॉलिन्स सांगतात. त्याआधी त्या मुलांच्या टीव्ही मालिका लिहीत. ते शिक्षण पानोपानी दिसतं. पुस्तकाचा तिसरा हिस्सा सरला, तरी मारामारीचा पत्ता नसतो. चाललेली असते ती शोची तयारी. अंगावरचे केस काढणं, पोशाख, मिरवणूक, तीन-तीन मिनिटांच्या मुलाखती. त्यातल्याच एका मुलाखतीत पीटा कॅटनिसवरचं प्रेम जाहीर करून टाकतो. मनापासून, की डावपेच म्हणून? तिलाही कळत नाही.

मैदानात रू ही बारा वर्षांची चिमुरडी स्पर्धक भेटते, तेव्हा मात्र वाचकाला शंका येत नाही. गांधीलमाश्यांसारख्या विषारी कीटकांच्या डंखांवर ती पाला चावून लावते, दोघी मिळून खातात, एकाच स्लीपिंग बॅगेत झोपतात. रू मारली जाते आणि कॅटनिस तिला रानफुलांनी झाकते. पण तेव्हाही कॅमेरा तिच्या डोक्यात असतोच: हे त्यांना दाखवावं लागेल! पुढे विजय सोहळ्यात सगळ्या खेळाची संकलित चित्रफीत दाखवतात. त्यात रूचा मृत्यू आहे, कॅटनिसचं गाणं आहे. फुलं तेवढी कापलेली. संपूर्ण पुस्तकात मला सर्वांत क्रूर वाटते ती ही कात्री.

टीव्हीवरच्या मुलांच्या स्पर्धेचं कितीतरी सौम्य रूप मराठी घरांनी पाहिलंय. २००८-०९ मध्ये झी मराठीच्या ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’मध्ये कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, रोहित राऊत आणि मुग्धा वैशंपायन एसएमएसच्या मतांसाठी एकमेकांशी स्पर्धा करत होते. जिंकली कार्तिकी, पण लोकांनी पाचही जणांना मिळून ‘पंचरत्न’ करून टाकलं. २०२१ मध्ये ही पाचही मुलं परीक्षक म्हणून त्याच मंचावर परतली. २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेश यांचं लग्न झालं.

कॅटनिस-पीटाच्या नशिबी इतकं सरळ काही नव्हतं. याच मालिकेतल्या ‘मॉकिंगजे’ या २०१० च्या भागात पीटाच्या आठवणींत विष कालवलं जातं. मग तो एकेक आठवण पुढे करून विचारत सुटतो, ही खरी की खोटी? कॅटनिस त्याला सांगत जाते: त्याचा आवडता रंग नारिंगी, चहात तो साखर घेत नाही, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारतो. एवढं सांगते, आणि रडू फुटायच्या आत तंबूत पळते.