पाच एकर म्हणजे किती ‘मा’?

तंजावूर म्हटले की मराठी वाचकास भोसले राजघराणे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील ही गावे तामिळनाडूचे भाताचे कोठार म्हणूनही प्रसिद्ध आहेत. शासकीय अर्थसाहाय्याची पात्रता संगणकावर तपासण्याचे दिवस आले आहेत. त्यासाठी प्रणाली निवडताना ‘सोपी’ कशास म्हणावे, हे या गावांतील जमिनीची मोजणी पाहिली की चटकन उमगते.

तामिळनाडू शासनाने १५ सप्टेंबर २०२३ रोजी ‘कलैञर मगळिर उरिमैत् तोगै’ ही योजना सुरू केली. कुटुंब चालविणाऱ्या स्त्रीला दरमहा १,००० रुपये थेट बँक खात्यात मिळावयाचे होते. नावातील ‘उरिमै’ म्हणजे हक्क, दान नव्हे. वय २१ वर्षे पूर्ण, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपेक्षा अधिक नाही, ओलिताची (नंजै) जमीन ५ एकरांपर्यंत अथवा कोरडवाहू (पुंजै) १० एकरांपर्यंत, वर्षाचा वीजवापर ३,६०० युनिटांच्या आत, असे तिचे प्रमुख निकष होते. सुमारे १ कोटी ६३ लाख अर्ज आले आणि आरंभी सुमारे १ कोटी ६ लाख स्त्रिया पात्र ठरल्या.

निकष कागदावर अगदी सरळ दिसतात. परंतु तंजावूरचा शेतकरी एकरांत बोलत नाही. तो ‘मा’ आणि ‘वेली’ यांत बोलतो. एक मा म्हणजे सुमारे एक तृतीयांश एकर आणि वीस मा मिळून एक वेली. त्याच्या पट्ट्यावर, म्हणजे आपल्याकडील सातबाऱ्यासारख्या दाखल्यावर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. म्हणजे नियम एकरांत, दाखला हेक्टरमध्ये आणि माणूस ‘मा’मध्ये! पाच एकर म्हणजे सुमारे पंधरा मा, किंवा दोन हेक्टरांहून किंचित अधिक. जी प्रणाली केवळ ‘आपली जमीन किती एकर?’ असे विचारून थांबते, ती हे गुणाकार-भागाकार वापरणाऱ्याच्या माथी मारते. मापाचे एकक निवडू देणारी, नंजै व पुंजै यांची वेगवेगळी नोंद घेणारी प्रणाली दिसावयास थोडी लांबलचक असली तरी तीच सोपी. चकचकीत पडदा आणि मोठी बटणे म्हणजे सुलभता, हा आपल्याकडे फार रूढ झालेला समज आहे.

दुसरी अडचण ‘जमीन आहे का?’ या प्रश्नाचीच. या भागातील पुष्कळ शेती देवस्थानांच्या व मठांच्या मालकीची असून ती कुळे कसतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये जमीनधारक कुटुंबांसाठी ठरले. दुसऱ्याची जमीन कसणारा त्यात बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच शेत नांगरणारा कूळ या प्रश्नास ‘आहे’ असेच म्हणणार. तेव्हा ‘जमीन आपल्या नावे आहे, की आपण ती खंडाने कसता?’ असे प्रश्नातच विचारले पाहिजे. विजेचेही तसेच. तेथे घरगुती बिल दोन महिन्यांनी येते. ३,६०० युनिटांची मर्यादा म्हणजे दर बिलास सरासरी ६००. सहा बिलांचे आकडे घेऊन बेरीज करणे हे यंत्राचे काम आहे, गृहिणीचे नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘नाही’ हे उत्तर कसे येते. २०२३ मध्ये ज्यांचे अर्ज नामंजूर झाले, त्यांना ई-सेवा केंद्रांतून तीस दिवसांच्या आत अपील करण्याची मुभा देण्यात आली. अपील करावयाचे तर कोणत्या निकषावर अडले ते ठाऊक हवे. नुसते ‘अपात्र’ दाखविणारी प्रणाली येथे निरुपयोगी. या बाबतीत तंजावूरच्या जुन्या छत्रांची आठवण होते. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात या छत्रांतील अन्नदानाचे वर्णन आहे. सर्व जातींच्या वाटसरूंना जेवण मिळे, आणि मध्यरात्री घंटा वाजवून, जे अजून जेवले नसतील त्यांना बोलावले जाई. राहिलेल्यांना हाक मारण्याची ही सोय आजच्या कित्येक महागड्या प्रणालींत आढळत नाही.

प्रणाली निवडण्यापूर्वी तिची परीक्षा घेणे फारसे अवघड नाही. ज्यांचे उत्तर आपणांस आधीच ठाऊक आहे अशी दोन-तीन काल्पनिक कुटुंबे घ्यावीत. बाकी सर्व निकष पूर्ण करणाऱ्या घरी एकदा चौदा मा नंजै भरावी, मग तेथे सोळा मा भरावी. उत्तर बदलते का, आणि बदलल्यास कारण सांगते का, ते पाहावे. मागे जाऊन एकच आकडा दुरुस्त करता येतो, की सारा अर्ज पुन्हा भरावा लागतो? नियम शेवटचे केव्हा अद्ययावत केले, ती तारीख दिसते का? आणि ही परीक्षा संगणक विभागातील तरुणाने न घेता गावातील बचत गटाच्या एखाद्या सदस्येने, तिच्याच भाषेत, तिच्याच मोबाइलवर घ्यावी. ती कोठे अडखळते हे शेजारी गप्प बसून पाहणाऱ्यास माहितीपत्रकापेक्षा अधिक कळते.

ब्रिटनमध्ये शासनाचे संकेतस्थळच नागरिकांना स्वतंत्र संस्थांच्या विनामूल्य लाभ-गणकांकडे पाठविते. त्यांत नाव न सांगता हिशेब करता येतो. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये सुरू झालेले ‘मायस्कीम’ हे केंद्र शासनाचे संकेतस्थळ वय, उत्पन्न, राज्य अशा उत्तरांवरून योजना सुचविते. पात्रतेचा केवळ अंदाज घेण्यास खाते क्रमांक अथवा ओटीपी लागत नाही. तो मागणारी प्रणाली तेथेच बंद करावी, हे ग्राहकांनी विशेष लक्षात ठेवावे.

एक बाब मात्र कोणत्याही गणकात नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये पहिला हप्ता जमा झाला तेव्हा काही बँकांनी त्यातून किमान शिलकीचे शुल्क वळते केल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अर्थमंत्र्यांनी त्यावर उघड नापसंती व्यक्त केली. हिशेब १,००० रुपयांचा आणि हाती पडले त्याहून कमी. ज्यांच्या बचत खात्यात अशी रक्कम येणार आहे, त्यांनी आपले खाते किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते आहे का, हे शाखेत विचारून घ्यावे. आणि ग्राहकाने विचारण्यापूर्वीच खिडकीवरील कर्मचाऱ्याने ते सांगावे.