‘सगळ्या ग्रुपवर आलंय’ म्हणजे खरं असतं का?

आष्टा : सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा गावात चार साधूंना मुलं पळवणारी टोळी समजून मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढंच. चौकशीत ते खरेच साधू निघाले. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात तर १ जुलै २०१८ रोजी अशाच अफवेनं पाच जणांचा जीव गेला.

विचारात चूक कुठं होते?

१) पोरं पळवणारे अनोळखी असतात, हा माणूस अनोळखी आहे, म्हणजे हाच तो. हा हिशेब चुकीचा. ऊस हिरवा, मकाही हिरवा. म्हणून मका ऊस होत नाही.

२) ‘दहा ग्रुपवर आलंय.’ एकच मेसेज दहादा फॉरवर्ड झाला म्हणून दहा साक्षीदार होत नाहीत. कुणी पाहिलं, कुठं, कधी, ते आधी विचारा.

३) ‘तो चोर नाही कशावरून?’ पुरावा आरोप करणाऱ्यानं द्यायचा असतो, समोरच्यानं नव्हे.

शंका आली तर ११२ ला फोन लावा, हात उचलू नका. शंका खोटी निघाली तर पोलीस परत जातील. मारलेला माणूस परत येत नाही.